बाकावर बसलेला आधी

३ नोव्हेंबर, सोमवार

तुझं अर्जंट आहे हे मला सांगू नकोस. सगळ्यांचंच अर्जंट आहे. आणि "बटण का काढलंस" हे आज मी अकरा वेळा ऐकलंय, बाराव्यांदा तुझ्याकडून ऐकणार नाही. माझी वही उघडलीस ना? मग आता गप्प बसून वाच.

बटण मीच काढलं. मी, डिंपल चौधरी, वय सव्वीस. जळगावात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली टाइल्सचं दुकान. आमचं काम असं की अकरा गावांतल्या सेंटरांवर छातीचे एक्स-रे निघतात, ते आमच्या सॉफ्टवेअरमधून धुळ्याला जातात. तिथे योगराज डॉक्टर एकटे बसून ते वाचतात आणि रिपोर्ट त्याच वाटेने उलटा येतो. मधे रांग असते. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे ठरवणारा कोड माझा.

त्या रांगेला एक 'अर्जंट' बटण होतं. दिवाळीच्या आधी मी मोजलं, शंभरात त्र्याऐंशी अर्जंट. भुसावळवाले भरतीच्या फिटनेस सर्टिफिकेटलाही दाबायचे. अमळनेरचा एक कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, मामेभाऊ आहे, आता काय करू?" आणि एक म्हातारी, खरी धापेची, तिचा फोटो त्या मामेभावाच्या मागे पावणेदोन तास उभा.

म्हणून नवा नियम. एका सेंटरचा एक, मग पुढच्या सेंटरचा एक, असं गोल. ओळख नाही, वशिला नाही.

पलक म्हणाली, "लोक मला शिव्या देतील." (पलक म्हणजे आमच्या मालकांची, अनुज सरांची चुलत बहीण. सेंटरांचे फोन ती घेते.)

"माझा नंबर दे त्यांना."

"तुझा फोन तूच उचलत नाहीस, डिंपल."

डोकं दुखतंय. पण बरोबर केलंय मी.


६ नोव्हेंबर, गुरुवार

पळासझिरीहून एकदम चौसष्ट फोटो. आठवडाभर काही नाही आणि गुरुवारी हा ढीग. चोपड्याच्या वर, सातपुड्यात, एका ट्रस्टचं सेंटर आहे. तिथे टीबी शोधायचं काम चालतं.

नियमाप्रमाणे एकेक गेला. शेवटचा शनिवारी निघेल. ठीक आहे.


१० नोव्हेंबर, सोमवार

आज शिरपूर सेंटरच्या लोटनभाऊंचा फोन. मी घाबरतच घेतला.

"ताई, आते बठ्ठासना नंबर सारखा शे ना?"

"हो भाऊ, सगळ्यांना सारखा."

"मंग काही टेन्शन नही."

एवढंच बोलून ठेवून दिला. आठ महिन्यांत या माणसाने मला पहिल्यांदा शिव्या दिल्या नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट केली. सेंटरच्या आत, सगळ्यात नवा फोटो आधी. कारण ज्याचा फोटो आत्ता निघाला तो बाहेर बाकावर बसलेला असतो, सकाळचा माणूस घरी गेलेला असतो, त्याला संध्याकाळी कळवलं तरी चालतं. डॉक्टर खूश. मी या नियमाला 'बाकावर बसलेला आधी' नाव दिलं, कोडमध्येही तेच लिहिलं. आणि डॉक्टरांना विनंती केली, वाचायला बसलात की मोबाइल ड्रॉवरमध्ये टाका, नाहीतर लोक फोनवरून रांग मोडतात. तेही ऐकलं त्यांनी.

अनुज सरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलं: सगळ्या सेंटरना सारखा नंबर. पलक आता फोनवर तेच वाचून दाखवते.


१६ नोव्हेंबर, रविवार, भुसावळ

घरी. पप्पांना नियम समजावला. पप्पा एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते.

"म्हणजे एक मेल, एक मालगाडी, एक मेल, एक मालगाडी?"

"तसंच समजा."

इतके हसले की चहा सांडला. "असं केलं तर आपलं भुसावळ दोन दिवसांत बंद पडेल गं."

मग सांगत बसले. कुठल्यातरी लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर नऊ नऊ तास उभं राहायचं. मेल जायच्या, एक्स्प्रेस जायच्या. मी विचारलं, राग यायचा का?

"उभं राहायचा नाही यायचा. नोकरीच ती. पण एखादा कंट्रोलर फोन लावून विचारायचा, गार्डसाहेब, काय हालहवाल, पाणी आहे का? तो बरा वाटायचा. बाकीच्यांच्या लेखी आपण नुसता एक आकडा. आणि काय, ड्युटीचे तास संपत आले की मालगाडीलासुद्धा रस्ता द्यावाच लागतो."

हे शेवटचं कामाचं आहे. लिहून ठेवलं: जो थांबलाय त्याचे तास मोजले पाहिजेत.

आईने वांग्याचं भरीत केलं होतं, मला खायची इच्छाच नव्हती.


१९ नोव्हेंबर, बुधवार

तास मोजले. न मोजले असते तर बरं झालं असतं.

बाकी दहा सेंटरांत सरासरी थांबणं पस्तीस-चाळीस मिनिटं. पळासझिरीत एकतीस तास.

साधं आहे. लाज वाटावी इतकं साधं आहे. पळासझिरीला गुरुवारी बाजार भरतो. पाड्यांवरचे लोक गुरुवारीच खाली उतरतात. मीठ, मिरची, दवाखाना, सगळं त्याच दिवशी. मी खान्देशात जन्मले, आमच्या मामाच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो हे मला झोपेतही माहीत आहे, आणि मी रोज दहा फोटो पाठवणाऱ्या सेंटरला आणि आठवड्यातून साठ पाठवणाऱ्या सेंटरला "सारखा नंबर" देऊन बसले.

पलकला विचारलं, पळासझिरीहून कधी फोन?

"एकदा आला होता. कोणी वना म्हणून. मी सांगितलं, तुमचाही नंबर लागेल. थँक्यू म्हणाला."

मी इतके दिवस त्या सेंटरला शांत सेंटर म्हणत होते.


२० नोव्हेंबर, गुरुवार

पळासझिरी: साठ. आधी बावन्न आले, मग पंधरा मिनिटांनी आठ. मधे नेट तुटलं असणार बिचाऱ्यांचं.


२४ नोव्हेंबर, सोमवार

अनुज सरांशी बोलले. म्हटलं, ज्याच्याकडे जास्त लोक उभे त्याला जास्त नंबर देऊ या.

"देख डिंपल, सारखं सगळ्यांना, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"आत्ता कुठे भुसावळ गप्प बसलंय. शिरपूर गप्प बसलंय. पळासझिरीने एक तरी तक्रार केली का?"

"नाही केली."

"मग?"

वाईट माणूस नाही. त्याला दहा माणसं रोज ओरडतात, अकरावा ओरडत नाही. मीही तेच करत होते.

गुरुवारची सुट्टी टाकली. बघून येते.


२७ नोव्हेंबर, गुरुवार, चोपडा

लॉजच्या खोलीत बसलेय. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी मलाच सोयीचं करून सांगेन.

सकाळी चोपड्याहून जीपने वर. बाजार भरत होता. सेंटर म्हणजे ट्रस्टच्या दोन खोल्या, एक सिस्टर आणि वना. वना पावरा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. एक्स-रेचं यंत्र कॅमेऱ्याएवढं, तो ते गळ्यात अडकवून फिरतो. मला आधी मॅडम म्हणाला, नंतर ताई.

बाहेर माणसं बसलेली. बाक नाही. जमिनीवर, झाडाखाली, पिशव्या मांडीत घेऊन.

तिथे चिंधा भेटला. पस्तिशीचा असेल, दिसतो पन्नासचा. बायकोने नवा पत्र्याचा डबा घेतला होता, परगावी न्यायला. खोकला आला की तो तोंड फिरवायचा आणि पुन्हा वळून हसायचा. त्याने वनाला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं, वनाने सांगितलं, "विचारतोय, ही बाई फोटो बघते का? मी म्हटलं नाही, ही फोटोंची रांग लावते. तर म्हणतो, मग हिला आमच्या रेशनच्या दुकानावर ठेवा."

सगळे हसले. मीपण.

वनाने त्याची गोष्ट सांगितली. तेरा तारखेला त्याचा फोटो काढला, रिपोर्ट शनिवारी आला: फोटो हललाय, परत काढा. तोवर तो पाड्यावर. वीसला कापूस वेचायला गेला होता, आला नाही. आज आला. आणि शनिवारी मुकादमाचा ट्रक येणार, चिंधाची टोळी ऊस तोडायला गुजरातला जाणार ती थेट होळीला परत. रिपोर्ट हातात असेल तर सिस्टर त्याला आजच थांबवून घेतील, थुंकी तपासतील, गोळ्यांची सोय लावतील. रिपोर्ट नसेल तर कशाच्या जोरावर थांबवणार? खोकला तर सगळ्यांनाच आहे.

"किती वाजेपर्यंत यायला हवा?"

"साडेपाचला शेवटची जीप, ताई. दूरच्यांचं आधी बघावं लागतं. जवळचे असले तर मी गाडीवर जाऊन घरी सांगून येतो. दूरचे जीपने गेले की गेले."

"मला फोन का नाही केला परत?"

"केला होता ना एकदा. मॅडम म्हणाल्या, नंबर लागेल. मग म्हटलं, लागेल."

रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर, खडकावर चढलं की मिळते. सव्वातीनला आम्ही दोघं वर. त्याने टॅबवरून एक्कावन्न फोटो सोडले. मग थांबला, पाणी प्यायला, घड्याळ बघितलं. मग उरलेले आठ सोडले.

"नेट तुटलं का?"

"नाही नाही. आता जमलंय ताई. ते कसं घेतं ते कळलंय मला."

मी मान डोलावली. माझं लक्षच नव्हतं. मी मनात हिशेब करत होते: गोल फिरणाऱ्या नंबरात साडेपाचपर्यंत यांचे आठ वाचून होणार, नऊ होतील फार तर. आणि तेही उलटे! कारण माझा नियम, नवा आधी. हा बिचारा दूरच्यांना आधी पाठवतोय आणि माझा कोड त्यांनाच शेवटी ढकलतोय.  त्याला सांगायची लाज वाटली. वाटलं, सांगत काय बसायचं, दुरुस्तच करून टाकू.

लॅपटॉप काढला. त्याच्याच मोबाइलचं नेट घेतलं. अनुज सरांना विचारलं नाही. दोन ओळी बदलल्या: ज्या सेंटरचे जास्त थांबलेत त्याला त्या प्रमाणात नंबर, आणि सेंटरच्या आत जो आधी आला तो आधी. तीन अठ्ठेचाळीस.

रिपोर्ट यायला लागले. इतक्या वेगाने की वना बघतच राहिला. दहा. पंधरा. मी मोठ्याने मोजत होते, लहान मुलासारखी. बावीस. पाच वाजले तेव्हा चोवीस.

वना टॅबवर बोट वरखाली करत होता.

"ताई, आज उलटं येतंय का?"

"उलटं नाही हो, आजपासून सरळ केलंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तेच तर लागलं.

मग सांगितलं. पहिले दोन गुरुवार गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की जे शेवटी पाठवतो ते आधी वाचून येतात, आणि जीप सुटायच्या आत आठच येतात. मग तो जवळच्यांचा गठ्ठा आधी सोडायला लागला आणि सगळ्यात दूरचे आठ थांबून मागून. गेल्या गुरुवारी ते आठही वेळेत आले होते. आज त्या आठांतही सगळ्यात शेवटी त्याने मुद्दाम चिंधाला ठेवलं होतं.

"म्हणजे पहिला त्याचाच आला असता," तो म्हणाला.

मी डॉक्टरांना फोन लावला. वाजत राहिला. ड्रॉवरमध्ये. माझ्याच सांगण्यावरून.

कोड परत फिरवला. पाच सोळा. पण डॉक्टरांच्या स्क्रीनवर पुढचे दहा फोटो आधीच उतरलेले असतात, नेट गेलं तरी काम थांबू नये म्हणून. ते दहा संपल्याशिवाय नवा क्रम लागत नाही. वना खाली पळाला, जीप धरून ठेवायला. मी खडकावर टॅब धरून उभी.

पाच अडतीसला आला. चिंधा, दोन्ही फुफ्फुसांत, वरच्या भागात. तातडीने थुंकी तपासा.

मी टेकडीवरून कशी उतरले मला आठवत नाही, गुडघा फुटलाय. खाली आले तेव्हा जीप नव्हती. जीपवाल्याने दहा मिनिटं थांबवली होती म्हणे, वीस माणसं भरलेली, अंधार पडत आलेला. वना गाडी घेऊन मागे गेला. सातला एकटाच परत आला. चिंधा आणि बायको मधेच पायवाटेला उतरून गेले होते.

"उद्या पहाटे जातो ताई. ट्रक शनिवारी आहे."


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पावणेअकराला वनाचा फोन, खडकावरून.

ट्रक रात्रीच येऊन गेला. दुसऱ्या पाड्यावर माणसं कमी पडली म्हणून मुकादम ठरल्यापेक्षा आधीच आला. चिंधाच्या दाराला काटी लावलेली. मुकादमाचा फोन बंद. कोणी म्हणतं बारडोलीच्या बाजूला, कोणाला नक्की माहीत नाही.

मी 'बारडोली' एवढंच वहीत लिहिलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. काल जीपच्या आधी एकतीस रिपोर्ट आले. एवढे कधीच आले नव्हते."

जवळच्यांचे. ज्यांना तो रात्री गाडीवर जाऊन सांगणारच होता.

हे त्याने म्हटलं नाही. मी इथे लिहिते.


२९ नोव्हेंबर, शनिवार

अनुज सरांचा मेसेज: गुरुवारी न विचारता नियम कोणी बदलला, शिरपूर आणि भुसावळ दोघांची तक्रार आहे, सोमवारी दहाला धुळ्यात डॉक्टरांकडे मीटिंग.

नंतर पलकचा: "तो वना परत फोन करेल का? त्याला काय सांगायचं मला कळत नाहीये."

मी लिहिलं, काही सांगू नकोस. त्यालाच विचार.

दिवसभर झोपले.


३० नोव्हेंबर, रविवार

चिंधाच्या भावाला कोणाच्या तरी मोबाइलवरून फोन आला. बारडोलीच्या पुढे एक गाव, नाव मिळालं. वनाला सेंटर सोडता येत नाही, सिस्टर एकट्या आहेत. त्याने गावाचं नाव, भावाचा नंबर आणि सिस्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठी तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी आहे. खाली लिहिलं: तुम्हाला जमलं तर बघा, नाही तर राहू द्या.


१ डिसेंबर, सोमवार, धुळे

बस स्टँडवर. सुरतची गाडी अजून फलाटावर लागली नाही, तेवढ्यात लिहिते.

मीटिंगला अनुज सर, डॉक्टर, लोटनभाऊ शिरपूरहून स्वतः आलेले, बाकी सेंटर स्क्रीनवर. पळासझिरीची चौकट काळी, तिथे रेंज नाही.

लोटनभाऊ आधी. "ताई, तुम्ही तं म्हणाल्या व्हत्या बठ्ठा सारखा. गुरवारले आमना पेशंट दीड तास बसना."

मी म्हटलं, खरंय भाऊ.

त्यांना वाटलं होतं मी भांडेन. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

अनुज सरांनी कागद काढला. त्यावर आलेख: गुरुवारी पळासझिरीचे आठवरून एकतीस. "आकडा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण परवानगी न घेता? आणि या एकतीसपायी बाकी दहा सेंटर नाराज. तूच सांग डिंपल, आता जुना नियम ठेवायचा की तुझा नवा? तू नव्यासाठी भांडायला आलीस, मला माहीत आहे."

डॉक्टर इतका वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "तो दोन्ही बाजूंचा होता, पाच अडतीसचा. सापडला का?"

"कोण?" अनुज सर.

 मी घड्याळ बघितलं. त्या खोलीत सांगायला बसले असते तर ती गोष्ट माझी झाली असती, मी किती दमले, मी कशी चुकले. गाडीला पाऊण तास होता.

मी उभी राहिले. पिशवीत एक्स-रेची प्रिंट, सिस्टरांच्या चिठ्ठीची प्रिंट, एक स्वेटर.

"जुनाच ठेवा," मी म्हटलं. "जसा होता तसा, उलटा, गोल फिरणारा. वाईट आहे. पण वना त्यालाच धरून पाठवतो, त्याला तो कळलाय. येत्या गुरुवारीही तो दूरचे शेवटीच पाठवणार आहे. त्याला विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा कोणी हलवू नका. मीपण नाही. पासवर्ड पलककडे दिलाय. मी चिंधाला शोधायला चाललेय, कधी येईन माहीत नाही."

अनुज सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लोटनभाऊंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तोवर मी जिना उतरत होते.